मधला व

धडा नव्हता, नुसता शब्द होता
पानाच्या तळाशी, चौकटीत: डिसीव्ह.
फळ्यावर लिहिताना मीच चुकलो,
ई आधी की आय,
बाहीनं पुसलं. डस्टर जूनपासून नाही.

अर्थ सांगा, म्हटलं, घरी बोलता तसा.

चेतन ढोबळे उठला. चुना लावनं, सर.
बापानं बाजारातून म्हैस आनली,
दोन टाइमचं दूध तुंबवून इकली होती तिले,
पहिल्या दिवशी बादली,
तिसऱ्या दिवशी लाथ.

पायल म्हणाली, हातावर तुरी देनं.
आणि लगेच, पन आमच्या तुरी तं
अजून फुलावरच हायेत.
वर्ग हसला, मीही.

अंकुश जुमनाके कधी बोलत नाही.
खिडकीकडं बघतच म्हणाला, चकवा.
आज्याले लागला होता नाल्यापाशी,
रातभर चालला,
सकाळी पाह्यलं तं सोताच्याच धुऱ्यावर.
मंग? मी विचारलं.
मंग काई नाई. बसून राहा लागते
तांबडं फुटेपर्यंत.

मला रद्दीतल्या एका पुस्तकाचं पान आठवलं.
फार दूर, समुद्रात, सामोआ नावाची बेटं आहेत,
तिथं म्हणतात फाआसेसे.
सेसे म्हणजे चुकणं,
फाआ म्हणजे करायला लावणं.
अंकुश, तुझ्या आज्याचा चकवाच हा,
मिठाच्या पाण्यातला.
तो विचारात पडला.
तिथी धुरे असतेत काय, सर?

खडू मोडेस्तोवर लिहीत गेलो मग.
फसणे, फसवणे.
भुलणे, भुलवणे.
चकणे, चकवणे.
बघा, म्हटलं, आपण तेच शेपटाकडून करतो,
मध्ये फक्त एक व येऊन बसतो
आणि चुकणाऱ्याची चूक
दुसऱ्या कोणाची तरी होते.

तो व कोन असते, सर?
पायलच. दुसरं कोण विचारणार.

मी म्हटलं, पुढचं पान काढा.

*

आता हजेरीपटाबद्दल.
पटावर एकवीस. वर्गात अठरा.
दिवाळीनंतर रेवती मेश्राम, तिचा भाऊ
आणि गोलू आदिलाबादकडं वीटभट्टीवर गेले
आईबापांसोबत, टेम्पोत, कोंबड्यांसकट.
वीसच्या खाली आला पट की शाळा बंद,
असं केंद्रप्रमुख बोलले होते
माझ्याच चहात बिस्कीट बुडवून.

पहिल्या दिवशी सवयीनं नाव घेतलं, रेवती.
थोडा वेळ पंखा ऐकू आला.
मग पायल खोकली
आणि आवाज बारीक करून म्हणाली, हजर.

मी कोणाला काही सांगितलं नव्हतं.
नंतर वाटणीच झाली:
रेवती पायलकडं, गोलू चेतनकडं,
धाकट्याचं हजर अंकुश म्हणायचा,
दिवसभरातला त्याचा एकच शब्द.
मी निळ्या शाईनं टिंब देत गेलो,
तीन टिंबं, रोज, रविवार सोडून.
तिघांची खिचडीही शिजायची.
ती कोण खायचं, हे मी बघितलं नाही,
म्हणजे बघितलं.

*

शिमग्याला दोन दिवस आली रेवती.
उंच झालेली, बोटांच्या पेरांत तांबडी माती
धुऊनही न गेलेली.
मी दप्तर आवरत होतो, पट उघडा होता.
तिनं स्वतःचं नाव शोधलं,
नखानं एकेक टिंब मोजत गेली,
डिसेंबर, जानेवारी,
पान उलटलं, फेब्रुवारी.

मी तं रोजच आल्ती, सर.

मी काही बोललो नाही.
चावी कुठं ठेवली ते शोधत राहिलो,
ती हातातच होती.

मग तिनं चेतनची वही उचलली,
तो इंग्रजी शब्द एकेक अक्षर जोडत वाचला,
दोनदा अडखळली, जिथं मी अडखळलो होतो तिथंच,
आणि माझ्याकडं पाहिलं.

मंग ह्या शब्दाचा अर्थ
मले कामून येत नाई?